शून्य रुपयाचं तिकीट

कंडक्टर देतो ते चिठोरं:
रक्कम शून्य.
बायकांना बस फुकट हाय आमच्यात.
मी ते फेकत नाही.
पाठ कोरी असते त्याची,
दिवसाचा हिशोब बरोबर मावतो.
दूध अर्धा लिटर. कोथिंबीर नको.
फॉल-पिको, सात साड्या.
परशरामचा चहा घरूनच.

परशराम सायकलनं जातो उद्यमबागेला.
त्याला तिकीट पडतं.
"बाई असतास तर," मी म्हणते,
"एक गाडी विटा आल्या असत्या एव्हाना."
तो हसतो.
फाउंड्रीची काळी भुकटी
हसण्याच्या रेघांत बसलेली.
साबण बेतानं लावतो. तोही हिशोबात.

वडगावात दहा बाय बाराची खोली,
भिंतीपलीकडं माग.
खट्याक खट्याक चालू असलं
की आमचं भांडण कुणाला ऐकू जात नाही.
लाइट गेली, की माग थांबतो
आणि आम्ही दोघं अर्ध्या वाक्यात.
भाड्याच्या घरात
रागालासुद्धा करंट लागतो.

साडेसातला इराप्पा येतो, पिग्मीवाला.
रोज शंभर.
तापात शंभर, पाडव्याला शंभर.
प्रांजलला डेंगी झाला त्या आठवड्यात
मी आतून कडी घालून बसले, दिवा न लावता.
तो बाहेर थांबला.
मशीन किरकिरलं.
दाराच्या फटीतनं पावती आत आली:
शंभर.
खिशातले घातले होते त्यानं.
महिन्यानं परत द्यायला गेले तर
मोजलेसुद्धा नाहीत.
"अक्का, साखळी तुटू नये," एवढंच.

आठ वर्षं झाली.
पहिल्या वर्षी येळ्ळूर रोडला बघितलेल्या जागेवर
आता कुणाचा तरी जिना आहे,
जिन्यावर मिरच्या वाळत असतात.
आम्ही चालतोय, भाव बुलेटवर.
खरं, थांबलो नाही.

गेल्या रविवारी मच्छेच्या पुढं एक प्लॉट बघितला.
एजंट म्हणाला, तीस बाय चाळीस.
मला फूट कळत नाहीत.
पिशवीत एक साडी होती,
फॉल लावून झालेली, गिऱ्हाइकाची
(तिला सांगू नका),
ती मी वाळल्या गवतावर पसरली.
एक टोक परशरामकडं, एक माझ्याकडं.
लांबीला दोन साड्या, वर अडीच हात.
रुंदीला दीड साडी आणि एक पदर.
प्रांजल त्या पदराशी जाऊन उभी राहिली:
"हे माझं."

परशराम उकिडवा बसला.
मूठभर माती घेतली, दाबली, मूठ उघडली.
दिवसभर साच्याची माती तो अशीच तपासतो.
बोटांचे ठसे घेऊन
ढेकूळ तसंच राहिलं तळहातावर.
"धरते," म्हणाला.
एजंटाला कळलं नाही, हा काय बोलतोय.

शेजारच्या बांधलेल्या घरावर पाटी होती.
तिसरीतली पोर नव्या नव्या कन्नडातनं
एकेक अक्षर चाचपत गेली:
म. ने. बा. डि. गे.
"आई, घराला हे मने म्हणतात.
आपल्यात मने म्हणजे काय गे?"
"मनाचं अनेकवचन," मी म्हटलं.
"एकट्याचं नसतं ते."

भाव विचारला.
परत येताना कुणी बोललं नाही.
परशराम तिकीट काढून उभा,
मी फुकट, बसलेली.
चिठोऱ्याच्या पाठीवर लिहिलं:
दोन साड्या, अडीच हात.
कमी पडतात ते लाख लिहिले नाहीत.
जागा नव्हती कागदावर,
आणि परशराम वाकून बघत होता.

रात्री साडी घडी करताना
फॉलच्या शिवणीत एक कुसळ टोचलं.
त्या गवतातलं.
सुईच्या टोकानं अलगद काढलं.
मग तिकिटांचा डबा उघडला
आणि आत ठेवलं.